अवकाशातील स्फोटांचा पंचनामा कोणी करावयाचा?

२ एप्रिल २०२२ रोजी गुढीपाडवा होता. त्या रात्री महाराष्ट्राच्या मोठ्या भागातून लोकांनी आकाशात जळत जाणाऱ्या रेषा पाहिल्या. कोणी त्यांना उल्का म्हटले, तर कोणाला विमान कोसळत असल्याची शंका आली. थोड्याच वेळात चंद्रपूर जिल्ह्याच्या सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी या गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे एक कडे मोकळ्या जागेत येऊन पडले. आसपासच्या परिसरात धातूचे गोलही सापडले. सुदैवाने कोणी दगावले नाही. कडे पोलीस ठाण्यात गेले, इस्रोचे तज्ज्ञ ते पाहून गेले आणि परदेशातील अभ्यासकांनी कक्षांचे जाहीर आकडे तपासून सांगितले की, हा बहुधा चीनच्या 'लाँग मार्च ३ बी' या अग्निबाणाचा तिसरा टप्पा असावा.

वस्तू जमिनीवर पडली म्हणून पंचनामा झाला. गाव, तालुका, पोलीस पाटील, ठाणे ही सारी व्यवस्था तेथे हजर होती. परंतु जी वस्तू आठशे किलोमीटर उंचीवर फुटते, जिची तीनशे-चारशे शकले होतात आणि जी शकले पुढील अनेक दशके सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने पृथ्वीभोवती फिरत राहतात, तिचा पंचनामा कोण करतो? १९६१ पासून आजवर अवकाशात फुटण्या-तुटण्याच्या सहाशेहून अधिक घटना नोंदल्या गेल्या आहेत. त्यांतील पुष्कळ घटनांपुढे 'कारण अज्ञात' एवढाच शेरा आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, हा शेरा बहुतेक वेळा विज्ञानाच्या मर्यादेतून आलेला नसतो. ज्याला कारण ठाऊक असते, किंवा ठाऊक करून घेता आले असते, त्याने ते सांगितलेले नसते; आणि त्याला ते सांगावयास लावणारा कोणी नसतो.

येथे आपल्यातीलच काही मित्र कपाळाला आठ्या घालतील, याची कल्पना आहे. विदर्भात शेतकरी गळफास घेत असताना आणि रोजगार हमीच्या मजुरीसाठी मोर्चे काढावे लागत असताना आकाशातील भंगाराची चर्चा कशाला, असे ते विचारतील. हा प्रश्न प्रामाणिक आहे. पण त्यामागची समजूत चुकीची आहे. चक्रीवादळाची सूचना ज्या उपग्रहावरून रत्नागिरीच्या मच्छीमारापर्यंत पोहोचते, पिकांची आणि भूजलाची पाहणी ज्या उपग्रहांवरून होते, ते उपग्रह या भंगारातूनच वाट काढीत असतात. गावाचे गायरान कोणी बळकावले तर आपण तहसील कचेरीवर जातो. कक्षा हेही एक गायरान आहे. १९६७ च्या अवकाश करारावर सह्या करताना सर्व राष्ट्रांनी तसे मान्य केले आहे. मग तेथे काचा फोडून टाकणाऱ्याला नाव विचारण्याची लाज आपणच का बाळगावी?

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आणि म्हणूनच अधिक फसवा आहे. तो असा की, इतक्या उंचीवर नेमके काय घडले हे कळणे शक्यच नसते; तेथे ना साक्षीदार असतो, ना अवशेष हाती लागतात. हे साफ खोटे आहे, आणि ते खोटे का आहे हे जरा सविस्तर सांगावयास हवे. कारण आपला सारा युक्तिवाद त्यावर उभा आहे.

अमेरिकेच्या डेल्टा अग्निबाणाचा दुसरा टप्पा उपग्रह कक्षेत सोडून मोकळा झाला की तेथेच फिरत राहत असे. त्याचे काम संपलेले असे आणि त्याच्याकडे कोणी लक्ष देत नसे. २८ डिसेंबर १९७३ रोजी असा एक टप्पा फुटला. मे १९७५ मध्ये लँडसॅट-१ या उपग्रहाला वर नेणारा टप्पा फुटला; तो जुलै १९७२ पासून, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे, निमूटपणे फिरत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आणखी एक फुटला. लँडसॅट-२ चा टप्पा तर १९७६ मध्ये फेब्रुवारीत एकदा आणि जूनमध्ये पुन्हा एकदा फुटला. १९७७ मध्ये दोन, आणि जानेवारी १९८१ मध्ये लँडसॅट-३ चा. एक फुटला तर त्याला अपघात म्हणता येईल. एकाच बनावटीचे टप्पे एकामागून एक फुटू लागले म्हणजे ती कारखान्याची बाब होते.

हे कळले कसे? कोलोरॅडोतील हवाई संरक्षण मुख्यालयात, ज्याला नोराड म्हणतात तेथे, जॉन गॅबार्ड नावाचे गृहस्थ काम करीत होते. शत्रूची क्षेपणास्त्रे टिपण्यासाठी उभारलेली रडारे तेथे आकाशात फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंद ठेवीत. एखादा टप्पा फुटला की एका ठिपक्याच्या जागी शेकडो ठिपके येत, आणि प्रत्येकाची कक्षा हळूहळू निश्चित होई. गॅबार्ड यांनी केले ते इतके साधे होते की, आपल्या माध्यमिक शाळेतील मुलालाही ते आलेखाच्या कागदावर करता येईल. प्रत्येक तुकड्याच्या कक्षेतील पृथ्वीपासून सर्वांत दूरचा बिंदू, ज्याला आपण अपभू म्हणतो, आणि सर्वांत जवळचा बिंदू, म्हणजे उपभू, यांची उंची त्यांनी उभ्या अक्षावर घेतली आणि प्रदक्षिणेस लागणारा वेळ आडव्या अक्षावर. एका तुकड्याचे दोन ठिपके. शेकडो तुकड्यांचे ठिपके मांडले की कागदावर फुलीसारखी आकृती उमटते.

ही फुली म्हणजे स्फोटाचा कबुलीजबाबच होय. ती का उमटते ते पाहा. टप्पा वर्तुळाकार कक्षेत नऊशे किलोमीटरवर फिरत आहे असे समजू. स्फोटाने जो तुकडा पुढच्या दिशेला ढकलला जातो, त्याचा वेग वाढतो आणि पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस तो अधिक उंच जातो. परंतु फेरी पुरी करून तो पुन्हा स्फोटाच्याच उंचीवर परत येतो. जो मागे ढकलला जातो, तो पलीकडच्या बाजूस खाली उतरतो. पण त्याचीही एक उंची स्फोटाच्या जागेइतकीच राहते. म्हणजे प्रत्येक तुकडा आपल्या कक्षेत जन्मस्थानाची खूण वागवीत असतो. फुलीच्या आडव्या रेषेवरून स्फोटाची उंची वाचता येते. तिरप्या रेषांच्या लांबीवरून धक्का किती जोराचा होता ते कळते: या उंचीवर सेकंदाला एक मीटर इतका जादा वेग मिळाला की पलीकडच्या बाजूची उंची सुमारे चार किलोमीटरने वाढते. एखादा तुकडा चारशे किलोमीटर वर चढला असेल, तर त्याला सेकंदाला शंभर मीटरचा धक्का बसला, हे मग कोणाला विचारावे लागत नाही. कक्षेच्या कलण्यातील फरकावरून आडव्या दिशेने बसलेला धक्का मोजता येतो. आणि साऱ्या तुकड्यांची गणिते उलट काळात चालवीत नेली की, एका क्षणी त्यांच्या वाटा एका जागी येऊन मिळतात. ती जागा आणि ती वेळ म्हणजे घटनास्थळ आणि घटनेची वेळ. आपल्याकडील कित्येक फौजदारी खटल्यांत एवढा नेमका पुरावा मिळत नाही.

मात्र येथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे, कारण ती आपल्या सोयीची नसली तरी खरी आहे. तुकड्यांच्या कक्षा स्फोट कोठे, केव्हा, किती जोराचा झाला ते सांगतात; आतून स्फोट झाला की बाहेरून कोणी आदळले याचाही अंदाज देतात. पण कोणती झडप अडकली, टाकीत इंधन किती शिल्लक होते, भिंत कोठे विरली, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी कारखान्याचे आराखडे आणि उड्डाणाचे दूरमापन हाती असावे लागते. डेल्टाच्या बाबतीत हे दोन्ही धागे एकत्र आले. नासातील डोनाल्ड केसलर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी पाठपुरावा केला, आणि अग्निबाण बनविणाऱ्या मॅकडोनेल डग्लस कंपनीला आपल्या टाक्यांकडे पाहावे लागले. निष्कर्ष असा निघाला की, दुसऱ्या टप्प्यात इंधन आणि ऑक्सिडीकारक एकमेकांना स्पर्श होताच पेट घेणारे होते, आणि त्यांच्या टाक्यांमध्ये चाळीतल्या दोन खोल्यांसारखी एकच सामाईक भिंत होती. काम संपल्यावरही दोन्ही टाक्यांत थोडे थोडे शिल्लक राही. टप्पा उन्हात तापे, सावलीत गोठे; दिवसातून तेरा-चौदा वेळा हा खेळ चाले. कधीतरी ती भिंत हार खाई.

उपाय काय? उपग्रह सोडून झाल्यावर इंजिन पुन्हा पेटवून उरलेसुरले इंधन जाळून टाकणे. नवा शोध नाही, नवे यंत्र नाही, डोंगराएवढा खर्च नाही. १९८१ पासून डेल्टाचे टप्पे असे रिकामे केले जाऊ लागले आणि त्या मालिकेतील रिकाम्या केलेल्या टप्प्यांचे हे फुटणे थांबले. पण जे आधीच वर गेले होते त्यांचे काय? १२ जून १९७५ ला निंबस-६ या उपग्रहासह गेलेला टप्पा १ मे १९९१ रोजी फुटला. जवळजवळ सोळा वर्षे तो भरलेल्या बंदुकीसारखा फिरत होता. ज्या अभियंत्यांनी तो वर पाठविला, त्यांतील अनेक जण तोवर निवृत्त झाले असतील.

हे इतक्या विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, डेल्टाची कथा ही आपल्या प्रतिपक्षाच्या म्हणण्याला खोडून काढणारा सर्वांत सबळ दाखला आहे. कारण शोधता येते. ते शोधले की उपाय स्वस्त असतो. आणि उपाय केला की स्फोट थांबतो. या तिन्ही गोष्टी १९८१ सालीच सिद्ध झालेल्या आहेत. त्यानंतर जगात फुटलेल्या प्रत्येक टप्प्याविषयी विचारावयाचा प्रश्न एवढाच उरतो की, सिद्ध झालेला धडा कोणी आणि का बाजूला ठेवला?

युरोपाने तो बाजूला ठेवला. २२ फेब्रुवारी १९८६ रोजी स्पॉट-१ हा फ्रेंच उपग्रह एरियान अग्निबाणाने सोडला गेला. त्याचा तिसरा टप्पा त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला फुटला आणि सुमारे पाचशे नोंदण्याजोगी शकले झाली. पाच वर्षांपूर्वीच अमेरिकेत जे कळले होते ते पॅरिसला कळू नये इतके काही अंतर नव्हते. पुढची गोष्ट नाटककारालाही सुचली नसती. २४ जुलै १९९६ रोजी सेरीस या फ्रान्सच्याच लष्करी उपग्रहाने एकाएकी तोल गमावला. कक्षांची गणिते उलटी चालविली तेव्हा दिसले की, दहा वर्षांपूर्वीच्या त्या एरियानचा एक तुकडा सेकंदाला सुमारे चौदा किलोमीटर या सापेक्ष वेगाने येऊन आदळला होता, आणि उपग्रहाला स्थिर ठेवणारा सहा मीटर लांबीचा दांडा त्याने कापून नेला होता. नोंद असलेल्या दोन वस्तूंची अपघाताने झालेली आणि निर्विवादपणे सिद्ध झालेली ही पहिली टक्कर. फ्रान्सच्या उपग्रहाला नेणाऱ्या अग्निबाणाने फ्रान्सचाच दुसरा उपग्रह लंगडा केला, म्हणून फिर्यादी आणि आरोपी एकाच घरात राहिले. तो उपग्रह टांझानियाचा किंवा बांगलादेशाचा असता तर?

याचे उत्तर १९७२ च्या दायित्व करारात आहे, आणि ते कार्यकर्त्यांनी नीट वाचावे असे आहे. अवकाशातील वस्तू पृथ्वीवर पडून नुकसान झाले, तर प्रक्षेपण करणारे राष्ट्र बिनशर्त जबाबदार. दोष सिद्ध करण्याची गरज नाही. जानेवारी १९७८ मध्ये सोव्हिएत संघाचा अणुभट्टी असलेला कॉसमॉस-९५४ कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने सुमारे साठ लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये तीस लाख मिळविले. लाडबोरीचे कडे एखाद्या झोपडीवर पडले असते, तर आपल्यालाही हाच मार्ग मोकळा होता. परंतु नुकसान अवकाशातच झाले, तर करार म्हणतो की, आधी दुसऱ्या राष्ट्राचा दोष सिद्ध करा. दोष सिद्ध करावयाचा म्हणजे टप्पा का फुटला हे सांगावयाचे. ते सांगावयाचे म्हणजे आराखडे आणि दूरमापन हवे. आणि ते कोणाकडे? आरोपीकडे! 'कारण अज्ञात' हा शेरा आता किती मोलाचा आहे ते ध्यानात यावे. ते अज्ञान निरागस नव्हे. त्या एका शब्दावर नुकसानभरपाईचा अख्खा दावा निकालात निघतो.

आणि हा शेरा मारण्यात कोणत्याही गटाची मक्तेदारी नाही. चीनच्या लाँग मार्च ६ ए या अग्निबाणाचा वरचा टप्पा १२ नोव्हेंबर २०२२ रोजी फुटला; ऑगस्ट २०२४ मध्ये अठरा दळणवळण उपग्रह सोडल्यावर त्याच बनावटीचा टप्पा पुन्हा फुटला आणि तीनशेहून अधिक तुकड्यांची नोंद झाली. आवश्यक ती उपाययोजना केली आहे, असे चीनच्या परराष्ट्र खात्याने सांगितले. कोणती उपाययोजना, कोणता दोष, हे जगाने अदमासाने ओळखावे. अमेरिकेच्या ॲटलास अग्निबाणाचे सेंटॉर टप्पे २०१८, २०१९ आणि २०२४ मध्ये फुटले. त्यांतील काहींनी लष्करी उपग्रह वाहिले होते, आणि जेथे लष्कर येते तेथे खुलासा येत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. रशियाच्या ब्रीझ-एम या टप्प्यांतील एक २००६ मध्ये उड्डाण फसल्यावर इंधनाने भरलेलाच वर राहिला आणि १९ फेब्रुवारी २००७ ला ऑस्ट्रेलियावर फुटला. तेथील हौशी खगोल अभ्यासकांनी त्याची छायाचित्रे टिपली. ज्यांना चीनवर तुटून पडावयाचे आहे त्यांनी अवश्य पडावे, पण तोच मापदंड वॉशिंग्टनलाही लावावा.

आणि दिल्लीलाही. हा मुद्दा आपल्या देशभक्त वृत्तपत्रांना रुचणार नाही. २२ ऑक्टोबर २००१ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी ३ या अग्निबाणाने तीन उपग्रह यशस्वीपणे कक्षेत सोडले. अभिनंदनाचे तार-संदेश झाले, आणि ते योग्यच होते. १९ डिसेंबरला, दोन महिनेही झाले नसताना, त्याचा चौथा टप्पा फुटला आणि सुमारे पावणेचारशे नोंदण्याजोगे तुकडे झाले. डेल्टाचा धडा मिळून तोवर वीस वर्षे झाली होती. त्यातील बहुतेक तुकडे आता वातावरणात जळून गेले आहेत; पण दोन दशकांनंतरही काही डझन तुकडे वर उरले होते, हे इस्रोच्याच वार्षिक अहवालात नमूद आहे. पुढच्याच, २००२ सालच्या उड्डाणापासून इस्रोने चौथा टप्पा रिकामा करण्याची पद्धत सुरू केली. चूक झाली, ती ओळखली आणि सुधारली, याबद्दल आपल्या शास्त्रज्ञांचे ऋण मानले पाहिजे. मोठमोठ्या राष्ट्रांना जे जमत नाही ते त्यांनी केले. एप्रिल २०२४ मध्ये भारताने २०३० पर्यंत कचरामुक्त अवकाश मोहिमांचा संकल्प जाहीर केला, तोही स्वागतार्ह आहे.

पण त्याच भारताने २७ मार्च २०१९ रोजी, लोकसभेच्या निवडणुका तोंडावर असताना, आपलाच एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला आणि पंतप्रधानांनी तो पराक्रम स्वतः दूरचित्रवाणीवर जाहीर केला. सुमारे २८० किलोमीटर या कमी उंचीवर फोडल्यामुळे सारे तुकडे दीड महिन्यात खाली येतील, असे तेव्हा सांगण्यात आले. बहुसंख्य आलेही, पण काही तुकडे हजार किलोमीटरपलीकडे उडाले होते आणि वर्ष उलटून गेल्यावरही फिरत होते. हे गॅबार्डच्या फुलीवरूनच जगाला दिसले. अमेरिकेने १९८५ मध्ये, चीनने २००७ मध्ये आणि रशियाने २०२१ मध्ये असेच केले; चीनच्या एका चाचणीने तीन हजारांहून अधिक तुकडे झाले. म्हणून आपला गुन्हा लहान, हे खरे. तथापि जो स्वतः दगड भिरकावतो, त्याच्या 'कचरामुक्ती'च्या भाषणाला पंचांत वजन राहत नाही.

आता या साऱ्या प्रकरणात एक नवा पाहुणा आला आहे, तो म्हणजे खासगी भांडवल. १९९६ साली पेगॅसस या खासगी अग्निबाणाचा, शंभर किलोहूनही कमी वजनाचा एक छोटासा वरचा टप्पा फुटला आणि त्याची सातशेहून अधिक शकले नोंदली गेली. तोवरच्या कोणत्याही स्फोटात इतके तुकडे झाले नव्हते. टप्पा केवढा आणि घाण केवढी! भारतात २०२० मध्ये अवकाशक्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, २०२३ मध्ये धोरण आले. त्यांचे नियमन करणारा कायदा मात्र मागेच राहिला. २०१७ साली विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवून सरकार थांबले. याचा अर्थ काय होतो? १९६७ च्या करारान्वये खासगी कंपनीच्या अवकाशातील कृत्यांची आंतरराष्ट्रीय जबाबदारी त्या राष्ट्राची असते. उद्या हैदराबाद वा चेन्नईच्या एखाद्या कंपनीचा टप्पा फुटून दुसऱ्या देशाचा उपग्रह निकामी झाला, तर दावा दाखल होईल तो भारत सरकारवर. उड्डाणाचे भाडे कंपनीच्या खात्यात आणि भरपाई आपल्या तिजोरीतून! आणि ती कंपनी चौकशीत आराखडे दाखविण्यास 'व्यापारी गुपित' म्हणून नकार देईल, तेव्हा तिला भाग पाडणारे कलम कोठे आहे? अमेरिकेसारख्या देशातही नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये डिश नेटवर्क या कंपनीला जुना उपग्रह योग्य कक्षेत न हलविल्याबद्दल पहिल्यांदाच दंड केला, तो किती? दीड लाख डॉलर. त्या धंद्यात ही रक्कम चहापाण्याची.

उत्तर असे दिले जाते की, संयुक्त राष्ट्रांनी २००७ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे संमत केली आहेत आणि काम झाल्यावर टाक्या रिकाम्या कराव्यात असे त्यांत म्हटलेच आहे. म्हटले आहे खरे. पण ती ऐच्छिक आहेत. किमान वेतन ऐच्छिक असते तर किती कारखानदारांनी दिले असते, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगावयास नको.

रडाराची बाबही लक्षात घेतली पाहिजे. आजही जगातील बहुतेक देश आपल्या उपग्रहांच्या रक्षणासाठी अमेरिकी लष्कराच्या यादीवर अवलंबून आहेत. ते जे जाहीर करतील ते आपल्याला दिसते, जे झाकतील ते दिसत नाही. त्यांच्या हेर-उपग्रहांच्या कक्षा त्या यादीत नसतात. अलीकडे खासगी कंपन्याही स्वतःची रडारे उभारून ही माहिती विकू लागल्या आहेत. म्हणजे ज्या पुराव्याने डेल्टाचा गुन्हा उघड झाला, तो पुरावाच उद्या वर्गणी भरणाऱ्यापुरता राहील. भारताने 'नेत्र' या नावाने स्वतःची टेहळणी यंत्रणा उभारण्यास घेतली आहे. ती लवकर पुरी व्हावी, आणि पुरी झाल्यावर तिने टिपलेल्या तुकड्यांच्या कक्षा टपाल तिकिटाइतक्या सहज कोणाही विद्यार्थ्याला मिळाव्यात. लाडबोरीचे कडे कोणाचे हे सांगणाऱ्यांपाशी काही गुप्तहेर नव्हते. त्यांच्यापाशी जाहीर आकडे होते, आणि ते आकडे कोणीही मागितले तरी मिळत होते.

म्हणून मागणी नेमकी करू. आपल्या भूमीवरून सुटणाऱ्या कोणत्याही अग्निबाणाचा टप्पा फुटला, मग तो सरकारी असो की खासगी, तर टाकीतील शिल्लक इंधन, दाब आणि तापमानाचे दूरमापन व संबंधित भागांचे आराखडे स्वतंत्र चौकशी समितीपुढे ठेवणे कायद्याने बंधनकारक असावे. समितीचा अहवाल ठरावीक मुदतीत संसदेच्या पटलावर यावा. आणि ज्या कंपनीने माहिती दडविली, तिचा दोष गृहीत धरून भरपाई तिच्याकडून वसूल व्हावी. विमान कोसळले तर चौकशी होते आणि अहवाल प्रसिद्ध होतो. विमान कंपन्या त्याने बुडालेल्या नाहीत. ही पद्धत आधी आपण घरात लागू करावी आणि मगच व्हिएन्नातील संयुक्त राष्ट्रांच्या अवकाश समितीत ती मांडावी. तेथे एरवी आपण विकसनशील देशांचे पुढारीपण मिरवतोच. दायित्व कराराच्या त्या 'दोष' कलमाला जोडून एकच वाक्य मागावयाचे आहे: पुरावा ज्याच्या ताब्यात, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर.

सुरुवात करण्यासाठी मोठ्या आंदोलनाची गरज नाही. येत्या अधिवेशनात आपल्या विचाराच्या एखाद्या सदस्याने तारांकित प्रश्न टाकावा. तो असा: १९ डिसेंबर २००१ रोजी पीएसएलव्ही-सी ३ चा चौथा टप्पा कोणत्या कारणाने फुटला, त्या वेळी त्याच्या टाक्यांत इंधन किती शिल्लक होते, २००२ पूर्वी कक्षेत गेलेले आणि रिकामे न केलेले आपले आणखी किती टप्पे आज वर आहेत, आणि २०२० नंतर परवानगी मिळालेल्या खासगी कंपन्यांपैकी प्रत्येकीने तिसऱ्या पक्षाच्या नुकसानीसाठी किती रकमेचा विमा उतरविला आहे?